पहिला, पंधरावा, सदतिसावा, बहात्तरावा

जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली १९१ देशांच्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी जाहीर केली. फ्रान्स पहिला, इटली दुसरा आणि दरडोई सर्वाधिक खर्च करणारी अमेरिका सदतिसावी. या सदतिसाव्या क्रमांकाची चर्चा आजही होते. पण त्याच अहवालाच्या शेवटच्या तक्त्यांत अमेरिकेचे आणखीही क्रमांक आहेत. रुग्णाचा मान राखणं, वेळेवर सेवा देणं, डॉक्टर निवडण्याची मोकळीक या बाबतीत ती पहिली. सगळ्या उद्दिष्टांची बेरीज करून किती साध्य झालं, यात पंधरावी. तिथे पहिला जपान. आणि हातातला पैसा व लोकांचं शिक्षण लक्षात घेता आरोग्य किती राखलं, यात बहात्तरावी. तिथे पहिला ओमान. एकच देश, एकच वर्ष, एकच अहवाल. बदलला तो फक्त प्रश्न.

ती बेरीज कशी केली होती तेही पाहण्यासारखं आहे. लोकसंख्येचं आरोग्य २५ टक्के, ते आरोग्य लोकांमध्ये किती समान वाटलं गेलं आहे याला २५ टक्के, रुग्णांशी वागणूक १२.५, त्या वागणुकीतली समानता १२.५ आणि खर्चाचा बोजा न्याय्य आहे का याला २५. हे भार ठरवले सुमारे हजार जणांना विचारून, आणि त्यांतले निम्मे संघटनेचेच कर्मचारी होते. वागणुकीची माहिती ३५ देशांतल्या जाणकारांकडून घेतली, बाकी देशांचे आकडे गणिती अंदाजाने भरले. टीका इतकी झाली की संघटनेने अशी क्रमवारी पुन्हा काढली नाही. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. क्रमांक कळल्याने कोणत्याही आरोग्यमंत्र्याला सोमवारी सकाळी काय करायचं ते कळत नाही.

मग मोजायचं काय? सर्वांत आधी डोळ्यांसमोर येतो मृत्युदर, आणि सर्वांत जास्त फसवतोही तोच. दोन काल्पनिक देश घेऊ. ‘अ’ देशात साठीच्या आतल्यांचा मृत्युदर हजारी २ आणि साठीपुढच्यांचा ३०. ‘ब’ देशात तेच आकडे ३ आणि ४०, म्हणजे प्रत्येक वयोगटात ‘ब’ मागे आहे. पण ‘अ’मध्ये ३० टक्के लोक साठीपुढचे आहेत आणि ‘ब’मध्ये फक्त ८ टक्के. नुसता सरसकट दर काढला तर ‘अ’चा येतो १०.४ आणि ‘ब’चा सुमारे ६. तरुण देश विनाकारण निरोगी दिसतो. यावर उपाय म्हणजे दोन्ही देशांचे वयोगटवार दर एकाच प्रमाण लोकसंख्येला लावायचे. समजा तिच्यात १५ टक्के ज्येष्ठ आहेत. आता ‘अ’ ६.२ आणि ‘ब’ ८.५५. हे वयाचं प्रमाणीकरण न करता केलेली कुठलीही तुलना सरळ बाजूला ठेवावी.

प्रमाणीकरणानंतरही एक अडचण उरतेच. माणसं जगतात-मरतात ती फक्त दवाखान्यांमुळे नव्हे. पाणी, रस्ते, तंबाखू, पगार या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून १९७६ साली अमेरिकी डॉक्टर डेव्हिड रुटस्टीन आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली: योग्य वेळी उपचार मिळाले असते तर जे मृत्यू व्हायलाच नको होते, तेवढेच मोजायचे. आज विकसित देश वापरतात ती यादी याच कल्पनेतून आली. ७५ वर्षांखालचे मृत्यू घेतात. अपेंडिक्स किंवा हर्नियाने माणूस गेला तर तो पूर्णपणे उपचारांच्या खात्यात. फुप्फुसाचा कर्करोग पूर्णपणे प्रतिबंधाच्या खात्यात, कारण तिथे सिगारेटवरचा कर हा शल्यचिकित्सकापेक्षा जास्त जीव वाचवतो. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह मात्र अर्धे-अर्धे वाटून टाकतात. हे ‘अर्धे’ कुठल्या प्रयोगातून आलेलं नाही, तो तज्ज्ञांचा तह आहे. तरीही आयुर्मानापेक्षा हा आकडा आरोग्यव्यवस्थेच्या कामाशी कितीतरी जवळचा आहे.

फक्त त्यासाठी मृत्यूचं कारण ठाऊक हवं, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असं प्रमाणपत्रावर लिहिलं की माहिती शून्य. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. ‘वार्धक्य’ हीसुद्धा तशीच नोंद. अशा निरुपयोगी कारणांचे मृत्यू संख्याशास्त्रज्ञ गणिताने इतर आजारांत वाटून देतात. जिथे डॉक्टरविना घरीच मृत्यू होतात, तिथे प्रशिक्षित माणूस घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारतो (ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, सूज होती का) आणि उत्तरांवरून कारण ठरवलं जातं. अपघात, बाळंतपण यांसाठी ही पद्धत बरी चालते, पोटातल्या आजारांसाठी लंगडते.

मातामृत्यूंची अडचण तर निव्वळ संख्येची आहे. समजा खरा दर लाख जन्मांमागे १०० आहे. १०,००० जन्मांची पाहणी केली, जी लहान पाहणी नव्हे, तर हाती येतील सुमारे १० मृत्यू. एवढ्या थोड्या घटनांवरून खरा दर ४८ ते १८४ यांमध्ये कुठेही असू शकतो, एवढंच म्हणता येतं. पुढच्या पाहणीत १० चे ७ झाले म्हणून ‘३० टक्के घट’ अशी बातमी दिली, तर तिला काही आधार नसतो.

कर्करोगात आणखी एक चकवा आहे. एखाद्याचा आजार ६६व्या वर्षी कळला आणि ६९व्या वर्षी मृत्यू आला. निदानानंतर पाच वर्षं जगलेल्यांत तो मोजला जात नाही. तपासणी मोहिमेत तोच आजार ६२व्या वर्षी सापडला आणि मृत्यू पुन्हा ६९व्याच वर्षी आला, तर तो ‘पाच वर्षं जगलेला’ ठरतो. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नाही. म्हणून पाच वर्षं जगणाऱ्यांच्या टक्केवारीशेजारी त्या कर्करोगाचा वयाने प्रमाणित मृत्युदर ठेवायचा. टक्केवारी वाढतेय आणि मृत्युदर जागचा हलत नाही, तर बहुधा नुसतं निदान आधी होऊ लागलंय.

मृत्यू हा शेवटचा हिशेब झाला. व्यवस्था कुठे गळते ते पाहायचं तर आधीच्या पायऱ्या मोजाव्या लागतात. यासाठी उच्च रक्तदाबासारखं दुसरं उदाहरण नाही. २०१९ मध्ये जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना तो होता. अशा स्त्रियांपैकी ५९ टक्क्यांना निदान झालेलं होतं, ४७ टक्के औषध घेत होत्या आणि फक्त २३ टक्क्यांचा दाब आटोक्यात होता. पुरुषांत हेच आकडे ४९, ३८ आणि १८. निदान झालेल्या बहुतेकांना औषध मिळतंय. मोठी गळती दोन ठिकाणी आहे, निदानाआधी आणि औषध सुरू झाल्यानंतर. पहिलीवर उपाय म्हणजे दवाखान्यात कुठल्याही कारणाने आलेल्या प्रौढाचा दाब मोजणं. दुसरीवर, डोस वाढवणं आणि गोळ्यांचा पुरवठा न तुटणं. ‘उपचारांची व्याप्ती ४७ टक्के’ एवढंच म्हटलं तर ही दुसरी गळती दिसतच नाही.

अशा आकड्यांत अंशापेक्षा छेद जास्त दगा देतो. लसीकरण १०० टक्क्यांच्या वर गेल्याचे अहवाल येतात. मुलांना जास्त डोस दिलेले नसतात. जुन्या जनगणनेवरून काढलेली मुलांची संख्या कमी भरते, किंवा शेजारच्या भागातली मुलं इथे येऊन लस घेतात. म्हणून दवाखान्याच्या नोंदवहीचा आकडा घरोघरच्या पाहणीशी ताडून बघतात.

सरासरी कुठली वापरली हेही विचारावं. सर्वांसाठी आरोग्यसेवेचा जागतिक निर्देशांक १४ सेवांवरून काढतात, तो बेरीज करून नव्हे तर गुणाकार करून, भूमितीय मध्याने. लसीकरण ९० आणि रक्तदाबावरचे उपचार १० असतील तर साधी सरासरी ५० येते, भूमितीय मध्य (९० × १० चं वर्गमूळ) ३०. एका विषयातले भरघोस गुण दुसऱ्यातला भोपळा झाकू शकत नाहीत.

पैशाच्या बाजूला, कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून जास्त रक्कम उपचारांवर खिशातून गेली तर तो खर्च घर बुडवणारा मानण्याची पद्धत बरीच वर्षं रूढ होती. तिच्यातली मोठी खोट अशी की परवडत नाही म्हणून दवाखान्यात गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य लागतो आणि तो सुरक्षित गणला जातो. उपचार टाळणाऱ्यांचं प्रमाण शेजारी लिहिल्याशिवाय हा आकडा वाचू नये.

आणि आकड्याला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की तो आकडाच वेगळा वागू लागतो. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागातून ९८ टक्के रुग्ण चार तासांत मोकळे झाले पाहिजेत, असं उद्दिष्ट २००४ साठी ठेवलं होतं. २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणलं. थांबण्याचा वेळ खरोखरच घटला. पण काही ठिकाणी रुग्णांना बाहेर अँब्युलन्समध्येच ताटकळत ठेवलं जाई, कारण घड्याळ आत आल्यावर सुरू व्हायचं. सरासरी वेळेत हे दिसत नाही. ते पाहायचं तर रुग्ण किती मिनिटांनी विभागाबाहेर पडला याचा आलेख काढायचा, दहा-दहा मिनिटांचे खांब करून. निसर्गतः तो उतरता, मऊ असायला हवा. इंग्लंडच्या आलेखात २३० ते २४० मिनिटांच्या खांबाशी एक सुळका उभा राहिला आणि २४१व्या मिनिटापासून कडा कोसळली.