गोडबोले झालेला इंग्रज नट

दिग्दर्शक डेव्हिड लीनच्या १९८४ सालच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ चित्रपटात डॉ. अझीझ झाले व्हिक्टर बॅनर्जी. सोबत सईद जाफरी, रोशन सेठ. प्रोफेसर नारायण गोडबोले मात्र चेहऱ्याला तपकिरी रंग लावलेले सर ॲलेक गिनेस! ही निवड मला आजही खटकते. पण तिची मुळं जुनी आहेत.

गिनेसचा जन्म १९१४चा, लंडनमधला. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव नव्हतं. जाहिरातींचा मजकूर लिहिता लिहिता तो नाटकात आला. १९३४ मध्ये नामवंत नट जॉन गिलगुडने त्याला आपल्या ‘हॅम्लेट’मध्ये ऑस्रिकचं काम दिलं आणि चारच वर्षांत तो लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात स्वतः हॅम्लेट झाला. पुढे याच लीनने त्याला ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधून पडद्यावर आणलं.

लीनच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या (१९४८) फेगिन या ज्यू चोरांच्या म्होरक्यासाठी मात्र त्याचा विचारही नव्हता. गिनेस पूर्ण रंगभूषा करून समोर उभा राहिला आणि भूमिका घेऊनच परतला. त्या भल्यामोठ्या नाकात ज्यूंची विटंबना दिसली म्हणून चित्रपट अमेरिकेत १९५१ पर्यंत अडला. तरी रंगभूषा केली की कोणीही होता येतं, हा भरवसा टिकला. १९६१ मध्ये तो जपानी उद्योगपती झाला, १९६२ मध्ये अरब राजपुत्र फैसल.

खरं तर त्याची ताकद रंगात नव्हतीच. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मध्ये जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश कर्नल निकोल्सन पत्र्याच्या तापलेल्या कोठडीतून बाहेर येतो. पाय लटपटतात, पाठ मात्र ताठ. पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या मुलाची चाल गिनेसने तिथे वापरली होती. या भूमिकेला ऑस्कर मिळालं. ती चार पावलं पाहताना माझ्या घशात अजून आवंढा येतो.

गोडबोलेंची गोष्ट वेगळी, कारण ते आपल्या मातीतले. ज्याच्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला तो ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव होता. तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने जवळून पाहिला आणि तो कादंबरीत आला. चित्रपटात गिनेसने गोडबोलेंसाठी एक नृत्य बसवलं होतं, पण लीनने ते कापलं. कादंबरीतले गोडबोले तुकारामांना मायबाप म्हणून आळवत भजनात रंगतात, आणि भानावर येतात तेव्हा लाल गालिच्यावर आपण नाचतो आहोत हे त्यांना कळतं.