आसफजाही ध्वज

हैदराबाद संस्थानच्या आसफजाही घराण्याचा हा ध्वज मराठवाड्यातही निजामी सत्तेचे चिन्ह होता. पिवळी भूमी आणि मध्यभागी गोल चकती ही त्याची मुख्य ओळख होय. उत्तरकालीन नमुन्यात वर ‘अल-अजमतुलिल्लाह’ (सर्व थोरवी ईश्वराची), मध्ये ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह’ हा किताब आणि खाली ‘या उस्मान’ अशी अक्षरे आढळतात. खालच्या अक्षरांचा संबंध सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याशी लावल्यास हा नमुना 1911 मधील त्यांच्या राज्यारोहणानंतरचा ठरतो. चकती मात्र त्याहून जुनी असावी.

चकतीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. परंपरेनुसार ती कुलच्याची, म्हणजे गोल रोटीची, आकृती आहे. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) चिश्ती संत हजरत निजामुद्दीन यांच्या भेटीस गेलेल्या मीर कमरुद्दीन (पुढे पहिला आसफजाह) याला त्यांनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे दिले; त्याने सात खाल्ले, तेव्हा ‘सात पिढ्या राज्य करशील’ असा आशीर्वाद मिळाला, अशी ही कथा आहे. संताचा मृत्यू 1729 च्या सुमाराचा आणि कमरुद्दीनची दख्खनची पहिली सुभेदारी 1713 ची असल्याने भेट कालदृष्ट्या अशक्य नाही. सात हा आकडा मात्र तपासून पाहावा लागतो. निजामांच्या क्रमांकात न मोजले जाणारे नासिरजंग, मुजफ्फरजंग व सलाबतजंग धरल्यास गादीवर दहा जण बसले. बापाकडून मुलाकडे येणाऱ्या पिढ्या मोजल्यासच सात भरतात. ही गणना सातव्या निजामाच्या काळातच पुरी होत असल्याने कथेचा हा भाग उत्तरकाळी घडला असण्याचा संभव आहे. दुसऱ्या मतानुसार चकती पूर्णचंद्र असून ‘कमर’ (चंद्र) या शब्दातून मूळपुरुषाचे नाव सूचित करते. मानचिन्हांत धारकाचे नाव गुंफण्याचा प्रघात पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि पिवळ्या रंगाचा उलगडा कुलच्याची कथाच करते, आणि औरंगाबादेशी असलेले घराण्याचे नातेही तीच जपते; 1763 पर्यंत राजधानी तेथेच होती.

1947 मध्ये संस्थानात तिरंगा लावण्यास बंदी असताना स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने तो उभारण्याचा कार्यक्रम दिला. 15 ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून ध्वजवंदनाने साजरा होतो.