त्वचेचा जंतुसंसर्ग आणि शिरेतून एकच डोस

पाय लाल होऊन सुजतो, हात लावला तर गरम लागतो, सोबत ताप. असा सेल्युलायटिस (त्वचेचा व तिच्याखालच्या थराचा जंतुसंसर्ग) पसरू लागला आणि एमआरएसएची, म्हणजे नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूची, शंका असली, की रुग्णाला दाखल करून व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक सुरू करतात. ते सहसा दर १२ तासांनी शिरेतून द्यावे लागते. डाल्बाव्हॅन्सिन हे दुसरे प्रतिजैविक मात्र १५०० मिलिग्रॅम, अर्ध्या तासात, एकदाच दिले जाते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये या एका डोसला मान्यता दिली; त्याआधी आठवड्याच्या अंतराने दोन डोस द्यावे लागत. ६९८ रुग्णांच्या चाचणीत ४८ ते ७२ तासांत गुण आलेल्यांचे प्रमाण एका डोसने ८१.४ टक्के आणि दोन डोसांनी ८४.२ टक्के होते, म्हणजे जवळपास सारखेच.

दोन्ही औषधे एकाच कुळातली, जिवाणूंची पेशीभित्तिका बनू न देणारी. फरक आहे तो शरीरात टिकण्याचा. व्हॅन्कोमायसिन काही तासांतच मूत्रपिंडांवाटे निघून जाते. डाल्बाव्हॅन्सिनचा सुमारे ९३ टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतो आणि हळूहळू सुटतो, त्यामुळे आठवडाभराहून अधिक काळ पुरेशी पातळी राहते.

देताना चूक होते ती मिठाच्या सलाईनची. त्यात मिसळल्यास औषधाचा साका बसू शकतो. म्हणून ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच (साखरेच्या सलाईनमध्ये) मिसळावे आणि नळीसुद्धा आधी-नंतर डेक्स्ट्रोजनेच धुवावी. त्याआधी औषध विरघळवण्यासाठी ५०० मिलिग्रॅमच्या प्रत्येक बाटलीत २५ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती हलकेच फिरवावी. जोरात हलवली तर फेस होतो. औषध शिरेत घाईने सोडले तर चेहरा-मान लाल होऊन खाज सुटू शकते. मूत्रपिंडाचे काम फार मंदावलेले असेल आणि नियमित डायलिसिस चालू नसेल, तर डोस ११२५ मिलिग्रॅम.

आणि हे सगळ्यांसाठी नाही, हे ठासून सांगायला हवे. गळवात पू असेल तर चिरा देऊन तो काढावाच लागतो. ई. कोलाय, स्युडोमोनास अशा ग्रॅम-निगेटिव्ह (वेगळ्या पेशीभित्तिकेच्या) जिवाणूंवर हे औषध चालत नाही. लालीच्या मानाने वेदना फारच तीव्र असतील, कातडी काळीनिळी पडत असेल, तर ऊती सडवणारा संसर्ग असू शकतो. तिथे तातडीची शस्त्रक्रियाच लागते. व्हॅन्कोमायसिनच्या ॲलर्जीबद्दलही आधी विचारावे, कारण औषधे एकाच कुळातली आहेत आणि एकदा शरीरात गेलेले डाल्बाव्हॅन्सिन डायलिसिसनेही फारसे निघत नाही.

घरी जाण्यापूर्वी लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून घ्यावी. तिसऱ्या दिवशीही लाली रेघेबाहेर सरकत असेल किंवा ताप उतरला नसेल, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.