पाऊस नेमका कोणत्या तारखेचा? संशोधनाच्या डेटा केंद्रातलं रोजचं काम

23 सप्टेंबर 2023 ला मध्यरात्रीनंतर नागपुरात ढग फुटावा तसा पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. समजा, त्या रात्री 2 वाजता एका स्वयंचलित पर्जन्यमापकाने आकडा पाठवला. तो कोणत्या तारखेखाली ठेवायचा? नागपूरकर म्हणेल, 23. सर्व्हरचं घड्याळ बहुतेक ठिकाणी जागतिक प्रमाणवेळेवर चालतं आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. त्या घड्याळात अजून 22 तारखेचे रात्रीचे साडेआठच वाजलेले असतात. हवामान विभागाचा हिशेब तिसराच. त्यांची 24 तासांची बेरीज सकाळी साडेआठला बंद होते आणि त्या सकाळच्या तारखेला लागते. म्हणजे 22 च्या रात्री 11 ला पडलेला पाऊससुद्धा 23 च्या खात्यात जमा.

तिन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. गडबड होते ती नुसती तारीख पाहून दोन फाइली जोडल्या की. नदीच्या पातळीची फाइल सर्व्हरच्या वेळेत आणि पावसाची हवामान विभागाच्या दिवसात असेल, तर पूर आधी आणि पाऊस दुसऱ्या दिवशी असं चित्र उभं राहतं. कुठलाही दिवा लाल होत नाही, कुठलाही प्रोग्राम अडत नाही. आलेखही नीटनेटका निघतो.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. वेळ साठवायची ती जागतिक प्रमाणवेळेतच, भारतीय वेळ फक्त दाखवताना करायची. रोजच्या बेरजेचा ‘दिवस’ कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे फाइलीच्या आतच लिहून ठेवायचं. साडेआठची नोंद आल्यावर 9 वाजता चालायचं काम सर्व्हरवर 3:30 ला लावायचं. तिथे कुणी सरळ 9:00 लिहिलं, तर ते दुपारी अडीचला चालतं आणि सकाळभर सगळे कालचेच आकडे पाहत बसतात.

नागपुरात मोजमापं करणाऱ्या संस्था भरपूर. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था 1958 पासून आहे, मृदा सर्वेक्षण आणि कापूस संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थांची मुख्यालयं इथेच आहेत, राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही इथलंच. अशा कामातून येणारे आकडे पुन्हा मोजता येत नाहीत. प्रोग्राम हरवला तर परत लिहिता येतो. दहा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये वर्धेच्या काठच्या मातीत किती ओल होती, ते कुणीही परत मोजू शकत नाही. म्हणून सर्व्हर बंद पडण्यापेक्षा आकडा चुपचाप बिघडण्याची धास्ती इथे जास्त असते, आणि ती असायलाच हवी.

डिस्क भरण्याचंच घ्या. हवा मोजणारं केंद्र दर 15 मिनिटांनी नोंद देतं, दिवसाला 96. प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल करायची पद्धत पडली, तर एका घटकाच्या वर्षाला 35,040 फाइली होतात. 10 घटक आणि 50 केंद्रं धरली की 1 कोटी 75 लाख. डिस्क म्हणजे गोदाम धरलं, तर फाइल सिस्टिम ही त्याची नोंदवही. प्रत्येक फाइलीला वहीत एक ओळ लागते, तिला आयनोड म्हणतात. लिनक्सच्या ईएक्सटी4 पद्धतीत या ओळी डिस्क तयार करतानाच आखल्या जातात, एरवी 16 किलोबाइटमागे एक. 1 टेराबाइटला सुमारे 6 कोटी 10 लाख. आपल्या हिशेबाने त्या साडेतीन वर्षांत संपतात. शंभरेक अक्षरांची फाइलसुद्धा 4 किलोबाइटची जागा अडवते, म्हणजे तोवर फक्त 250 गीगाबाइट भरलेले असतात. गोदाम तीन चतुर्थांश रिकामं, आणि यंत्र सांगतं की जागा शिल्लक नाही! नवा माणूस इथे तासन् तास मोठ्या फाइली शोधत बसतो. ‘डीएफ’ आज्ञेला ‘आय’ पर्याय जोडला की वहीतल्या उरलेल्या ओळी दिसतात आणि उलगडा होतो. खरा इलाज मात्र एका केंद्राच्या महिनाभराच्या सगळ्या नोंदी एकाच नेटसीडीएफ (वैज्ञानिक आकडे साठवण्याचा एक प्रकार) फाइलीत बांधण्याचा. त्याने बॅकअपही कित्येक पट लवकर उरकतो, कारण लाखो चिल्लर फाइली उघडण्या-मिटण्यातच त्याचा वेळ जात असतो.

डिस्क मरणं ही त्यामानाने सरळ गोष्ट. अनेक डिस्का एकत्र जोडून वापरण्याच्या रेड-6 मांडणीत एकाच वेळी 2 डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. पण नवी डिस्क बसवल्यावर ती भरायला किती वेळ लागतो? 20 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 200 मेगाबाइटच्या वेगाने सलग लिहिली तरी जवळपास 28 तास. वापर चालू असेल तर काही दिवस. त्या काळात बाकीच्या सगळ्या डिस्का टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात. चांगल्या डिस्कवरही कंपनीची हमी साधारण अशी असते, की 125 टेराबाइट वाचल्यावर फार तर एक तुकडा वाचता येणार नाही. 12 डिस्कांच्या संचात 200 टेराबाइटच्या वर वाचावं लागतं. म्हणून एवढ्या मोठ्या डिस्कांवर एकाच डिस्कची सूट देणारी रेड-5 वापरणं म्हणजे जुगार. शिवाय सगळ्या डिस्का एकाच खोक्यातून आलेल्या असतील, तर त्या थकतातही जवळपास एकदमच. दोन वेगवेगळ्या लॉटमधून घेतलेल्या बऱ्या.

याहून वाईट म्हणजे डिस्क ठणठणीत आहे, पण आतला एखादा बिट उलटलाय. यासाठी चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ठशासारखी खूण. हा चेकसम, डेटा जिथे तयार झाला तिथेच काढायचा. आपल्याकडे कॉपी झाल्यावर काढला, तर वाटेत बिघडलेल्या फाइलीलाच आपण खरी ठरवतो. आणि नुसता काढून ठेवून भागत नाही, महिन्यातून एकदा सगळ्या फाइली वाचून ठसे जुळवावे लागतात. फाइली कॉपी करणारं ‘आरसिंक’ एरवी फक्त आकार आणि बदलाची वेळ पाहतं. आतला मजकूर तपासायला त्याला वेगळं सांगावं लागतं.

माणसाच्या हातून होणारं नुकसान या सगळ्यापेक्षा वेगाने होतं. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे 77 टेराबाइट डेटा, म्हणजे 3 कोटी 40 लाख फाइली पुसल्या गेल्या. 14 संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या 4 गटांचा डेटा परत मिळाला नाही. काम साधं होतं: 10 दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइली, म्हणजे यंत्राच्या कामकाजाच्या नोंदी, काढून टाकणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञा. ती चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती लिहिली गेली. या आज्ञा चालवणारा बॅश शेल स्क्रिप्ट आधी पूर्ण वाचून घेत नाही, चालता चालता पुढचं वाचतो. त्यामुळे तो नव्या मजकुरात मधूनच शिरला. फोल्डरचं नाव धरणाऱ्या चलाला (व्हेरिएबलला) किंमतच मिळाली नाही आणि पुसण्याची आज्ञा लॉगऐवजी मूळ साठ्यावर चालली.

यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट’ आज्ञा ‘यू’ पर्यायासह लिहिली, तर किंमतच न दिलेला चल भेटताच काम तिथेच थांबतं. नवी आवृत्ती जुनीच्या अंगावर लिहू नये. शेजारी वेगळी फाइल करून मग नाव बदलावं, म्हणजे चालू असलेली स्क्रिप्ट आपली जुनीच प्रत वाचत राहते. आणि पुसणं नेहमी दोन टप्प्यांत करावं: आधी फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायच्या, महिनाभर कुणी विचारलं नाही तरच काढायच्या.

दुसऱ्या डिस्कवरचं प्रतिबिंब हा बॅकअप नव्हे, हे तर शंभरदा सांगावं. इथे फाइल पुसली की रात्री तिथूनही पुसली जाते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम अजून टिकून आहे. टेप कुणाला पुराणकालीन वाटेल, पण एलटीओ-9 प्रकारच्या एका चुंबकीय टेपवर 18 टेराबाइट मावतात आणि कपाटातल्या टेपवर कुठलीही चुकलेली आज्ञा पोहोचत नाही. ती पूर्ण भरायला पूर्ण वेगातही साडेबारा तास लागतात. परत वाचायलाही तेवढेच, हे मात्र संकटाच्या दिवसाआधी लक्षात घ्यावं. दर महिन्याला 20 फाइली कशाही निवडून टेपवरून आणाव्यात आणि ठसे जुळवावेत. अशी तपासणी न झालेला बॅकअप हिशेबात धरू नये.

राहिला नागपूरचा उन्हाळा. सर्व्हरने घेतलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णताच होतो. 500 वॉटचे 20 सर्व्हर म्हणजे 10 किलोवॉट, म्हणजे जवळपास 2.85 टन थंडावा. कागदावर दीड टनाचे दोन एसी पुरतात. पण ती क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते, आणि इथे नवतप्यात पारा 45 च्या घरात असतो. तिसरा एसी ही चैन समजू नये. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा 18 ते 27 अंशांत ठेवायची शिफारस आहे, तेव्हा तापमापक रॅकच्या, म्हणजे सर्व्हर बसवलेल्या चौकटीच्या, समोर आणि वरच्या भागात लावावा, भिंतीवर लावून उपयोग नाही.

वीज गेली की यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो. पण एसी त्यावर नसले, तर खोली काही मिनिटांतच तापू लागते. म्हणून जनरेटर लागला नाही तर गणना करणारी यंत्रं आधी बंद करायची, साठवण सगळ्यात शेवटी. वीज आली की उलटा क्रम: नेटवर्क, साठवण, मग बाकीचं. आणि डेटा घ्यायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक यंत्राचं घड्याळ बघायचं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला असेल, तर यंत्र काही वर्षं मागच्या तारखेला जागं होतं. फरक 1000 सेकंदांच्या वर असला, तर वेळ जुळवणारा ‘एनटीपीडी’ त्याच्या मूळ मांडणीत दुरुस्ती न करता स्वतःच बंद पडतो. यंत्र मात्र चुकीच्या तारखेने पाऊस नोंदवत राहतं.