गट नकाशा को-ऑर्डिनेटवर बसवताना : मराठवाड्यातील मोजणीची पार्श्वभूमी

भूकरमापक आता रोव्हरची, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवर चालणाऱ्या मोजणी-यंत्राची काठी बांधाच्या कोपऱ्यावर टेकवतो आणि थोड्याच वेळात त्या कोपऱ्याचे को-ऑर्डिनेट, म्हणजे त्याची जागा सांगणारे आकडे मिळतात. ई-मोजणी या सरकारी संगणक प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून मोजणीच्या क-प्रतीवर, म्हणजे अर्जदाराला मिळणाऱ्या नकाशावर, ते छापूनही येऊ लागले आहेत. पण हद्द या आकड्यांवरून ठरत नाही. ती ठरते टिपणावरून (मूळ मोजणीची मापे), फाळणीवरून (पोटहिश्शांची मोजणी), गट नकाशावरून, आणि हे कागद को-ऑर्डिनेटसाठी केलेलेच नव्हते. त्यांना को-ऑर्डिनेटच्या चौकटीत आणताना सॉफ्टवेअरपुढे बसलेल्या माणसाने काही निवडी केलेल्या असतात. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला चार फुटांचा वाद पुष्कळदा त्या निवडींतून उभा राहतो, बांधावरून नव्हे.

मराठवाड्याची पहिली शिस्तशीर शेतमोजणी निजामाच्या राजवटीत, १८७० च्या दशकापासून, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक आणा म्हणजे २ फूट पाऊण इंच. साखळीचा चौरस तो गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. शंकूने (काटकोन पाहण्याच्या साध्या साधनाने) काटकोन धरायचा, मूळ रेषेवरून दोन्ही अंगांना लंब टाकायचे, शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडून क्षेत्र काढायचे. सारा ठरवायला एवढे पुरत होते, आणि त्या कामासाठी ही रीत चांगलीच होती. कोन मोजलेला नाही, उत्तर दिशा अंदाजाने दाखवलेली, आणि लांबी आण्याच्या आसपास, म्हणजे ६३ सेंटीमीटरच्या पायरीने वाचलेली. वरच्या दप्तराची भाषा १८८४ पर्यंत फारसी आणि पुढे उर्दू, त्यामुळे जुनी सेतवार, म्हणजे शेतवार नोंदवही, वाचायला आजही जाणकार माणूस गाठावा लागतो.

त्याच्या कितीतरी आधी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची साखळी मद्रासहून निघून बिदरच्या बाजूने वर गेली होती. ते काम सुरू करणारा अधिकारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. पण डोंगरमाथ्यावरच्या त्या खुणांचा शेताच्या टिपणात पत्ता नसतो. एक मोजणी पृथ्वीचा आकार शोधत होती आणि दुसरी सारा. दोन्ही एकाच मुलखात झाल्या, तरी एकमेकींना भेटल्या नाहीत. आज सॉफ्टवेअर जी गाठ मारू पाहते ती तेव्हा सुटलेली गाठ आहे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणारी एकत्रीकरण योजना आली आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. पुष्कळ ठिकाणी गट नकाशा नव्या मोजणीतून उतरला नाही, जुन्या सर्व्हे नंबरांचे तुकडे जोडून तयार झाला. मग दशमान पद्धत आली. एकराचे ४०.४७ आर झाले, गुंठ्याचा १.०१ आर झाला आणि बोलण्यात मात्र गुंठा म्हणजेच आर हे रूढ झाले. अशा रीतीने सातबारावरचे क्षेत्र तीन-चार हातांतून गेलेले आहे. ते किती तंतोतंत मानायचे हा प्रश्न पुढे येतोच.

खरी उलथापालथ १९९० नंतरची. तोवर जायकवाडीसारख्या प्रकल्पांच्या कालव्यांसाठी, रस्त्यांसाठी थिओडोलाइटचा, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीचा ट्रॅव्हर्स (ठाण्या-ठाण्याने पुढे जाणारी मोजणी) करत. एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्याचा कोन वाचायचा, दुर्बीण उलटवून डावा आणि उजवा असे दोन्ही फेस घ्यायचे, टेपने अंतर धरायचे आणि पहिल्या ठाण्यावर परत यायचे. कोनांची बेरीज जुळली का ते आधी पाहायचे. मग प्रत्येक रेषेचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन घटक काढायचे. पॉलिटेक्निकमध्ये शिकवला जाणारा गेलचा ट्रॅव्हर्स तक्ता तो हाच. लॉगरिदमच्या पुस्तकावर एका ट्रॅव्हर्सला संध्याकाळ जाई. साइन-कोसाइनचा कॅल्क्युलेटर आला तेव्हा तासाभरावर आले, संगणक आला तेव्हा मिनिटावर. पण तक्त्याची एक गोष्ट मोलाची होती. पहिल्या ठाण्यावर परतल्यावर न जुळलेला फरक तिथे स्वतःच्या रकान्यात, उघडा लिहिलेला असे. तपासणारा साहेब पहिली नजर त्या रकान्यावर टाकी.

सॉफ्टवेअरमध्ये निरीक्षणे भरताना चुका होतात त्या अगदी साध्या ठिकाणी. ४५.३० हा कोन ४५ अंश ३० मिनिटे म्हणून भरला आणि प्रोग्रॅमने तो दशांश अपूर्णांक म्हणून वाचला, तर १२ मिनिटांचा फरक पडतो. शंभर मीटरवर तो ३५ सेंटीमीटर होतो. तिरपे अंतर आडवे म्हणून भरले जाते. प्रिझमची (यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या काचेची) उंची बदललेली असते आणि नोंदीत आदलीच राहते. प्रिझमचा स्थिरांक एकाचा ३० मिलिमीटर, दुसऱ्याचा शून्य, आणि दोन्ही प्रिझम एकाच कामावर. कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या टोटल स्टेशनमधल्या हवामानाच्या दुरुस्तीकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मे महिन्यात ४२ अंश तापमान, त्यात पठाराच्या उंचीमुळे हवेचा दाब कमी. यंत्रातले मूळ आकडे तसेच ठेवले तर किलोमीटरला चार सेंटीमीटरच्या आसपास अंतर कमी भरते. एका शेताला याने काही होत नाही. कालव्याच्या लांब आखणीला होते.

ट्रॅव्हर्समधला न जुळलेला फरक ठाण्यांवर वाटून टाकण्याच्या दोन रीती आहेत. बोडिचच्या नियमाने तो रेषांच्या लांबीच्या प्रमाणात वाटला जातो. लघुतम वर्ग पद्धतीत प्रत्येक निरीक्षणाला त्याच्या भरवशाप्रमाणे वजन दिले जाते. दुसरी रीत सरस आहे यात शंका नाही, आणि हाताने ती शेताच्या कामाला करणे शक्यच नव्हते. ती सॉफ्टवेअरने आपल्या हातात दिली. पण कोणतीही रीत घ्या, ती किरकोळ फरकासाठी आहे. एका ठाण्यावर प्रिझम दुसऱ्याच खुंटीवर धरला गेला असेल, तर बटण दाबताच ती घोडचूक सगळ्या ठाण्यांवर थोडी थोडी पसरते आणि ट्रॅव्हर्स सुरेख बंद होतो.

याच काळात सुरुवातीच्या बिंदूला १०००, १००० असे मनाचे को-ऑर्डिनेट देण्याची पद्धत रुजली. कोणी ५०००, ५००० देई, म्हणजे उणे आकडे येत नाहीत. उत्तर होकायंत्राची किंवा रस्त्याच्या बाजूने धरलेली. एका गावातल्या एका कामापुरते हे ठीकच होते. पण शेजारच्या गावाचे कामही १०००, १००० पासूनच सुरू झालेले असे, आणि तो पहिला बिंदू म्हणजे शेतातली लाकडी खुंटी. दोन पावसाळ्यांनंतर ती शोधूनही सापडत नसे. त्या वीसेक वर्षांत मराठवाड्यात झालेली पुष्कळ नेटकी मोजणी अशी निराधार राहिली आहे. आकडे फायलीत आहेत, पण जमिनीवर कुठे ते सांगता येत नाही. याची हळहळ वाटते, कारण कामे मन लावून केलेली होती.

आता ज्या निर्णयावर सर्वांत जास्त वाद व्हायला हवा, आणि जो सर्वांत कमी बोलला जातो, त्याकडे येऊ. स्कॅन केलेला गट नकाशा जमिनीवरच्या को-ऑर्डिनेटवर बसवायचा असतो. त्यासाठी नकाशातही दिसणारे आणि शेतातही सापडणारे बिंदू लागतात. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड, जुनी बारव, देवळाचा कोपरा, हद्दीची निशाणी. मराठवाड्याच्या काळ्या भारी जमिनीत हेच अवघड आहे. ही माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पावसात फुगते, आणि रोवलेला दगड काही वर्षांत कलतो, सरकतो. नाल्याकाठचा बांध तर नाल्याबरोबर चालतो. कोणता बिंदू न हललेला मानायचा, इथून निवड सुरू होते.

बिंदू ठरले की बसवण्याच्या दोन वाटा. पहिलीत नकाशा सरकवायचा, फिरवायचा आणि सगळीकडे सारखाच लहान-मोठा करायचा. आकार मोडत नाही, कोन तेच राहतात आणि न जुळणारा फरक ज्याच्या त्याच्या जागी दिसतो. दुसरीत नकाशा दोन दिशांना वेगवेगळा ताणायचा, थोडा तिरपा करायचा, काही वेळा तर प्रत्येक बिंदूपाशी ओढून बसवायचा. मग तो जमिनीवर छान बसतो, फरक नाहीसा होतो, आणि त्याबरोबर प्रत्येक गटाचे क्षेत्र आणि बांधाचा कोन गुपचूप बदलतो.

दुसऱ्या वाटेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. कागद आडवा आणि उभा सारखा आक्रसत नाही. दमट कपाटात शंभर वर्षे घडी पडून राहिलेल्या नकाशाला दोन दिशांची दुरुस्ती द्यावीच लागते, आणि नकाशावर छापलेली चौकट मोजून ती किती द्यायची हे ठरवता येते. ही झाली कागदाची दुरुस्ती. पण शेतातल्या ताब्यावर नकाशा जुळावा म्हणून तो ताणणे ही दुरुस्ती नव्हे. तिथे अतिक्रमणसुद्धा नकाशाच्या अंगात मुरते. एकाने वीस वर्षांत नांगराच्या चार तासांइतका बांध कोरला असेल, तर ताणलेला नकाशा त्याच्याच बाजूने साक्ष देतो. हद्द कायम मोजणीत अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगळ्या दाखवायच्या असतात, त्या मुळात याचसाठी.

दोनच बिंदूंवर बसवलेल्या नकाशाचा धोका आणखी निराळा. पहिल्या वाटेने दोन बिंदूंवर नकाशा नेहमी तंतोतंत बसतो आणि सॉफ्टवेअर शून्य फरक दाखवते. दोन्हींपैकी एक दगड सरकलेला असला तरीही शून्यच. चूक उघडी पाडायला तिसरा लागतो, चौथा असला तर ती कोणत्या बिंदूत आहे हेही कळू शकते. गट नकाशा १:५००० असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर, रेघेची जाडीच दीड-दोन मीटर खाते. अशा नकाशावरून काढलेल्या कोपऱ्याचे को-ऑर्डिनेट मिलिमीटरपर्यंत छापले की शेतकऱ्याला वाटते जमीन मिलिमीटरपर्यंत मोजली आहे. रोव्हरचा बिंदू दोन-चार सेंटीमीटरमध्ये बरोबर असेल, पण हद्द ज्या कागदावरून आली त्याची कुवत तेवढी नाही. म्हणूनच हाती मूळ टिपण असेल तर लहान प्रमाणाच्या नकाशाऐवजी टिपणाचे आणे-साखळी आकडे भरून शेत उभे करावे, असे माझे ठाम मत आहे. वेळ जास्त लागतो, पण मोजलेले माप वापरले जाते, काढलेली रेघ नव्हे.

याला जोडूनच क्षेत्र बसवण्याचा मोह येतो. सातबारावर १ हेक्टर ६२ आर आहे आणि सॉफ्टवेअर १ हेक्टर ५८ दाखवते, म्हणून एखादा कोपरा सरकवून आकडा जुळवायचा. एकत्रीकरण आणि दशमानातून आलेल्या आकड्यासाठी जमिनीवरची खूण हलवणे म्हणजे उलटा न्याय आहे. क्षेत्राचा फरक लिहून ठेवावा आणि त्याची दुरुस्ती दप्तरात वेगळ्या वाटेने मागावी.

उपग्रहांच्या काळाने १०००, १००० चा प्रश्न सोडवला, पण स्वतःचे प्रश्न आणले. भारताचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती नमुन्यावर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या नमुन्यावर. दोन्हींच्या मोठ्या अर्धअक्षांत ८६१ मीटरचा फरक आहे आणि केंद्रेही वेगळी. रूपांतर न करता जुन्या नकाशाचे अक्षांश-रेखांश यंत्रात घातले तर मराठवाड्यात बिंदू शंभर-दीडशे मीटर बाजूला पडतो. २००५ च्या नकाशा धोरणाने नागरी वापराची मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आणली, तरी अचूक आकडे सर्वांच्या हाती खुले झाले ते फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर. आता उपग्रहांचे संकेत घेत कायम चालू असलेल्या स्थानकांचे जाळे रोव्हरला थेट दुरुस्ती पुरवते.

को-ऑर्डिनेट यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये आकडे देणाऱ्या पद्धतीत घेतले की पट्ट्याचा प्रश्न येतो. ४३ वा पट्टा ७८ रेखांशाला संपतो. मराठवाडा जवळजवळ सगळा त्याच्या आत आहे, पण किनवट पलीकडे ४४ व्या पट्ट्यात जाते. नांदेड जिल्ह्याचे काम एका पट्ट्यात भरून किनवटचे बिंदू तसेच जोडले तर ते शेकडो किलोमीटर लांब पडतात. ही चूक लगेच दिसते म्हणून सापडते. न दिसणारी चूक अंतराची असते. पट्ट्याच्या मध्यरेषेवर, ७५ रेखांशाला, जाळीतले, म्हणजे को-ऑर्डिनेटवरून काढलेले अंतर खऱ्याच्या ०.९९९६ पट असते. छत्रपती संभाजीनगर तिच्या जवळ आणि वर पठारावर, त्यामुळे तिथे जाळीतला किलोमीटर जमिनीपेक्षा ४५ सेंटीमीटरच्या आसपास कमी भरतो. परभणीजवळ हा फरक अगदी थोडा राहतो. नांदेडला तो उलटतो आणि जाळीतला किलोमीटर पंचवीस-तीस सेंटीमीटर जास्त भरतो. क्षेत्रात बोलायचे तर हेक्टरमागे संभाजीनगरला नऊ चौरस मीटर कमी, नांदेडला पाच-साडेपाच जास्त. कोरडवाहू शेतात कोणी विचारणार नाही. शेंद्रा-बिडकीनच्या भूखंडांना आणि समृद्धी महामार्गासारख्या संपादनाच्या संयुक्त मोजणीत, जिथे चौरस मीटरवर मोबदला ठरतो, तिथे जाळीचे क्षेत्र धरले की जमिनीवरचे, हे नकाशावर लिहिलेले असलेच पाहिजे.

मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीची, म्हणजे फेरतपासणीच्या मोजणीची सोय आहे, तिच्यावर सुपर निमताना. वरचा अधिकारी पुन्हा शेतावर जातो, पुन्हा निरीक्षणे घेतो. पण त्याच स्थिर बिंदूंवर, त्याच रीतीने बसवलेला तोच नकाशा वापरला तर उत्तरही तेच येते आणि बसवणी तपासलीच जात नाही. ती तपासायची तर कच्च्या निरीक्षणांची फाइल, स्थिर धरलेल्या बिंदूंची यादी, बसवण्याची रीत आणि प्रत्येक बिंदूवर उरलेला फरक, हे चारही क-प्रतीसोबत अर्जदाराला मिळायला हवेत. जुन्या तक्त्यात फरकाचा तो रकाना सक्तीने भरावा लागे. नव्या छापील प्रतीत त्याला सहसा जागा नसते, जरी सॉफ्टवेअरने तो आकडा काढून ठेवलेला असतो.