ओन्सेन ऱ्योकान

जपानी पद्धतीच्या निवासी अतिथिगृहाला ऱ्योकान म्हणतात आणि ते गरम पाण्याच्या झऱ्यावर (ओन्सेन) असले की ओन्सेन ऱ्योकान. हॉटेलात खोलीचे भाडे भरायचे असते, इथे दर माणशी असतो आणि त्यात मुक्काम, रात्रीचे जेवण, सकाळची न्याहारी व स्नान हे सारे धरलेले असते. या दराला ‘इप्पाकु निशोकु’, म्हणजे एक रात्र दोन जेवणे, असे नाव आहे. त्यामुळे चौघांनी एकाच खोलीत दाटीवाटीने राहून फारसे काही वाचत नाही. उंची ऱ्योकानात माणशी ५०,००० येन किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. स्नानकर वेगळा असतो, बहुतेक गावांत माणशी १५० येन. बक्षिसीची अपेक्षा नसते.

हाकोने, कुसात्सु, अरिमा, गेरो, किनोसाकी, बेप्पू ही या मुक्कामांसाठी प्रसिद्ध गावे. यामानाशी प्रांतातले ‘निशियामा ओन्सेन केइउनकान’ इ. स. ७०५ पासून चालू असल्याचे मानतात. जगातले सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

कशाला ओन्सेन म्हणायचे हे १९४८ च्या कायद्याने ठरवले आहे: उगमापाशी २५° से. किंवा अधिक तापमान, नाहीतर ठरावीक १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात. म्हणजे थंड निघालेले खनिजयुक्त पाणी तापवून दिले तरी ते कायद्याने ओन्सेनच. २००४ मध्ये काही ठिकाणी पाण्यात रंग आणणारी पूड मिसळल्याचे उघड झाले. तेव्हापासून नियम कडक झाले आणि पाणी मिसळले, तापवले, पुन्हा फिरवले किंवा जंतुनाशक घातले असेल तर तसा फलक लावावा लागतो. तो बहुधा कपडे बदलण्याच्या खोलीत असतो. ‘गेनसेन काकेनागाशी’ असे लिहिले असेल तर उगमाचे पाणी सतत येऊन वाहून जाते, फिरवून वापरले जात नाही. खोलीला जोडून खासगी उघडे कुंड असलेल्या महागड्या खोल्या घेताना हे जरूर विचारावे. काही ठिकाणी सार्वजनिक कुंडात झऱ्याचे पाणी असते आणि खोलीतल्या कुंडात नुसते तापवलेले नळाचे!

मुक्कामाची वेळ दुपारी ३ ला सुरू होते आणि सकाळी १० किंवा ११ ला संपते. निम्मा आनंद संध्याकाळच्या स्नानात असल्याने ४ च्या आत पोहोचावे. जेवण ६ ते ७.३० च्या दरम्यान सुरू होते आणि पदार्थ एकामागून एक ताजे येतात. त्यामुळे उशीर होणार असेल तर आधी फोन करावा, नाहीतर जेवण हुकते आणि पैसे परत मिळत नाहीत. दारात बूट उतरवतात. चपला कॉरिडॉरपुरत्या, तातामीवर, म्हणजे गवती चटईवर, अनवाणी किंवा मोज्यांनीच चालायचे. शौचालयाच्या चपला वेगळ्या असतात आणि त्या घालून बाहेर येणे ही नवख्यांची ठरलेली चूक. आल्यावर मिळणारा चहा आणि गोड वडी रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरू नये म्हणून असते, असे सांगतात. आपण जेवत असताना सेविका (नाकाइ) खोलीत गाद्या घालून ठेवते.

खोलीत युकाता, म्हणजे सैल सुती झगा, ठेवलेला असतो. त्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलटी बाजू मृताला नेसवताना असते, म्हणून इथे चूक झाली तर कर्मचारी हळूच दुरुस्त करतात.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत अंगावर कपडे ठेवून उतरायची सवय असलेल्यांना इथला नियम अवघड वाटतो: पोहण्याचा पोशाखही चालत नाही. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग धुवायचे, फेस पूर्ण काढायचा, मगच कुंडात उतरायचे. कुंड अंग मळरहित करण्यासाठी नसून शेकण्यासाठी आहे. लहान टॉवेल पाण्यात बुडवू नये. घडी करून डोक्यावर ठेवतात. लांब केस बांधावेत. पाणी साधारण ४०–४२° से. असते. एकदम उतरण्याऐवजी आधी पाय, मग कंबर, मग खांदे असे जावे. पहिल्यांदा ५–१० मिनिटे पुरतात. कपाळावर घाम आला की बाहेर यावे आणि पाणी प्यावे. एका दिवसात चार-पाच वेळा डुंबणाऱ्याला चक्कर, मळमळ होते, तिला ‘युआतारि’ म्हणतात. मद्य घेऊन किंवा भरपेट जेवून लगेच उतरू नये. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, म्हणून दागिने काढून ठेवावेत. अरिमाच्या लोहयुक्त ‘सोनेरी’ पाण्याने टॉवेलही तांबूस होतो. कुसात्सुच्या तीव्र आम्लधर्मी पाण्यानंतर नाजूक त्वचेवर साधे पाणी ओतून घ्यावे. बऱ्याच ठिकाणी गोंदलेल्यांना मज्जाव असतो. अशांनी खासगी कुंड किंवा गोंदण झाकायच्या चिकटपट्टीची सोय आधीच विचारावी.

जेवण ‘काइसेकी’ पद्धतीचे: आरंभीचे छोटे पदार्थ, साशिमि (कच्च्या माशाचे काप), उकडलेले, भाजलेले, शेवटी भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे) सूप, लोणची आणि फळ. शाकाहाऱ्यांची खरी अडचण समोर दिसत नाही. भाजी, सूप, सॉस सगळ्यांत ‘दाशी’ हा अर्क असतो आणि तो बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो. ‘मासे-मटण नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘माशाची दाशीही नको, कोंबूची (समुद्री शेवाळाची) चालेल’ असे आरक्षण करतानाच, निदान आठवडाभर आधी, लेखी कळवावे. दारात सांगितले तर स्वयंपाक आधीच ठरलेला असतो. कांदा-लसूण टाळणाऱ्यांना बौद्ध भिक्षूंच्या ‘शोजिन’ परंपरेचे नाव घेतले की आचाऱ्याला नेमके कळते, कारण तिथेही हे दोन्ही वर्ज्य असतात.

न्याहारीत भात, भाजलेला मासा, अंडे, नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ पापुद्रे), लोणचे असे पदार्थ असतात. त्याआधी पहाटेचे एक स्नान चुकवू नये, पण आत शिरण्यापूर्वी पडदा पाहावा: बऱ्याच ऱ्योकानांत पुरुषांचे आणि स्त्रियांचे कुंड रात्रीतून अदलाबदल होते, आणि काल संध्याकाळी उजवीकडे असलेला पुरुषांचा निळा पडदा आता डावीकडे लटकत असतो.