खड्ड्यांचा लेझर वेगळा, डागांचा वेगळा

‘चेहऱ्याला लेझर करायचंय, किती खर्च येईल?’ हा प्रश्न स्किन क्लिनिकच्या रिसेप्शनवर रोज येतो आणि त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मुरुमं बरी झाल्यावर चेहऱ्यावर दोन गोष्टी मागे राहतात, खड्डे आणि डाग. खड्ड्यांसाठी बहुतेक ठिकाणी फ्रॅक्शनल सीओटू (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) लेझर वापरतात, डागांसाठी क्यू-स्विच. यंत्रं वेगळी, किरण वेगळे, घरी परतल्यानंतरचा आठवडाही वेगळा. तरी मैत्रिणीला गुण आला म्हणून ‘तिला केला तोच करा’ असं सांगणारे खूप असतात. चुकीच्या लेझरने नुसते पैसे जात नाहीत. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो नवे डाग उठवू शकतो, म्हणून हा फरक आधी कळायला हवा.

सुरुवात घरच्या खिडकीपाशी करता येते. उजेड समोरून न घेता बाजूने घ्या आणि आरशात गाल पाहा. खड्डा असेल तर त्याच्या एका कडेला बारीक सावली पडते, मान वळवली की ती सावली हलते. डागाला सावली नसते. उजेड कुठूनही आला तरी तो तेवढाच तपकिरी दिसतो. आता दोन बोटांनी त्वचा हलकेच ताणा. उथळ, पसरट खड्डा ताणल्यावर सपाट होतो, डागाचा रंग तसाच राहतो. पुष्कळांच्या गालावर दोन्ही एकत्र असतात आणि मनाला जास्त खुपतो तो बहुधा डाग, कारण समोरच्या उजेडात तोच दिसतो. मुरुमांनंतरचे असे साधे तपकिरी डाग उन्हापासून जपलं तर पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. खड्डा मात्र आपोआप भरत नाही.

सीओटू लेझरचा किरण १०,६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. पाणी त्याला अधाशासारखं शोषून घेतं आणि त्वचेत पाणी भरपूर, त्यामुळे किरण पडताच तिथल्या पेशींमधल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि तेवढा भाग उडून जातो. कडेच्या भागाला आच लागते. तिथलं जुनं कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, आकसतं आणि शरीर जखम भरायच्या कामाला लागतं. पुढचे तीन ते सहा महिने आत नवं कोलॅजन तयार होत राहतं, खड्ड्याचा तळ त्यामुळे वर येतो. म्हणजे लेझर खड्डा बुजवत नाही. तो मोजूनमापून जखम करतो, बुजवायचं काम आपलं शरीर करतं.

१९९० च्या दशकात हाच लेझर पूर्ण चेहऱ्यावरून सलग फिरवत. वरचा थर सगळाच निघे, चेहरा आठवडा-दोन आठवडे सोललेला राही, लाली कित्येक महिने टिके आणि काहींच्या त्वचेचा रंग कायमचा उडे. सावळ्या त्वचेच्या माणसाला तर डॉक्टर त्याच्या वाटेला जाऊ देत नसत. २००४ मध्ये बोस्टनचे संशोधक डीटर मॅनस्टीन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत मांडली: सगळी त्वचा भाजायचीच नाही, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे सुटे सूक्ष्म ठिपके तेवढे भाजायचे. ठिपका मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा रुंद, आणि दोन ठिपक्यांमध्ये धडधाकट त्वचा. त्या निरोगी त्वचेतल्या पेशी कडेने सरकत येतात आणि भोक लवकर बुजवतात. ‘फ्रॅक्शनल’ म्हणतात ते हेच. भारतीय त्वचेवर हा लेझर आज जपून का होईना वापरता येतो, तो या मधल्या न भाजलेल्या त्वचेमुळे.

इथे एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. कार्बन डायऑक्साइड लेझर ज्यांनी शोधला त्या सी. कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यांनी हा लेझर प्रथम चालवून दाखवला. त्याच वर्षी, त्याच संस्थेत त्यांच्या दुसऱ्या सहकाऱ्यांनी एनडी-याग नावाचा लेझर बनवला. क्यू-स्विच यंत्रात बहुतेकदा असतो तो हाच. एकाच घरात जन्मलेले हे दोन लेझर आज त्वचेवर अगदी वेगवेगळी कामं करतात.

एनडी-यागचा किरण १,०६४ नॅनोमीटरचा. पाण्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही, तो पाण्यातून पुढे निघून जातो. तो धरतो रंग: त्वचेतलं मेलॅनिन किंवा गोंदणातली काळी शाई. क्यू-स्विच म्हणजे सगळी ऊर्जा साठवून सेकंदाच्या काही अब्जांश भागात सोडून देण्याची युक्ती. एवढ्या कमी वेळात रंगाचा कण तापतो आणि फुटतो, उष्णता बाजूच्या पेशींकडे पसरायला सवडच मिळत नाही. लक्ष्य थंड व्हायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमी वेळ किरणाचा झोत सोडला तर फक्त लक्ष्यच भाजतं, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. फुटलेला चुरा शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू उचलून नेतात. म्हणून डाग त्याच दिवशी जात नाही, तो आठवड्या-महिन्यांनी फिका होतो.

टेबलावर पडल्यावर दोन्हींमधला फरक लगेच कळतो. सीओटूच्या आधी पाऊण ते एक तास बधिरतेचं मलम लावून ठेवतात. यंत्र फिरतं तसे गालावर ठिपक्यांचे चौकोन उमटत जातात आणि जळक्या केसासारखा वास येतो. धूर ओढून घ्यायला बाजूला नळी धरलेली असते. त्या दिवशी चेहरा उन्हाने भाजल्यासारखा लाल आणि सुजलेला. दोन दिवसांनी हात फिरवला तर सँडपेपरसारखा खरखरीत लागतो, मग बारीक तपकिरी खपल्या आठवडाभरात गळतात. त्या नखाने काढायच्या नाहीत.

क्यू-स्विचमध्ये टकटक आवाज येत राहतो आणि रबरबँड मारल्यासारखं टोचतं. ऊर्जा जास्त ठेवली असेल, समजा गालावरचे उन्हाचे ठिपके घालवायचे असतील, तर तो ठिपका बघता बघता पांढरा पडतो आणि थोड्या वेळाने परत गडद होतो. ‘लेझर टोनिंग’ नावाने कमी ऊर्जेत करतात तेव्हा थोडी लाली येते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. काळी पेस्ट लावून करतात ते ‘कार्बन पील’ही क्यू-स्विचनेच होतं. त्याने चेहरा चार दिवस तुकतुकीत दिसतो, पण खोल खड्डे त्याने भरतील ही आशा धरू नये.

फसगत सर्वांत जास्त होते ती वांगाच्या बाबतीत. वांग म्हणजे नुसता साचलेला रंग नव्हे. तिथल्या पेशी ऊन, उष्णता आणि हार्मोन यांच्यामुळे रंग बनवतच राहतात. क्यू-स्विचने आहे तो रंग फोडला तरी कारखाना चालूच असतो, त्यामुळे वांग परत येतो, कधी पहिल्यापेक्षा गडद. टोनिंगचा अतिरेक झाला तर पांढरे बारीक ठिपकेही उमटतात आणि ते घालवणं वांगापेक्षा कठीण. वांगावर सीओटू तर फार मोठी जोखीम. तिथे सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं मलमच आधी. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेतलेलं स्टेरॉइडचं ‘गोरं करणारं’ क्रीम कोणी लावत असेल, तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घालावं. याउलट डोळ्याभोवती जन्मापासून किंवा वयात येताना उमटलेला निळसर-करडा डाग, ज्याला ‘नीव्हस ऑफ ओटा’ म्हणतात, त्यावर क्यू-स्विचसारखा गुण दुसऱ्या कशाचा क्वचितच येतो. बैठका बऱ्याच लागतात.

खड्ड्यांचंही सरसकट नसतं. टाचणीने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना सीओटूचा फारसा उपयोग होत नाही. तिथे डॉक्टर थेंबभर तीव्र आम्ल खड्ड्याच्या तळाशी लावतात. पसरट, लाटेसारख्या खड्ड्यांखाली त्वचेला आत ओढणारे धागे असतात, ते सुईने सोडवावे लागतात. चौकोनी कडांचे उथळ खड्डे लेझरला चांगली दाद देतात. चार-पाच बैठकांनंतरही खड्डे पुसले जात नाहीत, उथळ होतात. हे आधी स्पष्ट सांगणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.

सीओटूनंतर आपल्या त्वचेला सर्वांत मोठा धोका काळवंडण्याचा. खपल्या गळून चेहरा छान दिसतो आणि तीन-चार आठवड्यांनी तिथेच सावळी छटा उमटते. ती बहुधा काही महिन्यांत जाते, पण ऊन लागलं तर रेंगाळते. म्हणून चेहरा उन्हाने रापलेला असताना हा लेझर करूच नये, आणि लग्नाच्या महिनाभर आधी तर मुळीच नाही. ताज्या त्वचेवर हळद, बेसन, लिंबू यांतलं काही लावायचं नाही, हळदीच्या दिवशीसुद्धा. ओठावर वारंवार नागीण उठत असेल तर तेही आधी सांगावं. त्यासाठी गोळ्या अगोदर सुरू करतात.

दोघांपासून डोळ्यांना असलेला धोकाही वेगळा. सीओटूचा किरण डोळ्याच्या वरच्या पारदर्शक पडद्यालाच भाजतो. १,०६४ चा किरण त्यातून आरपार जाऊन थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतो, आणि न दिसणारा असल्याने डोळा मिटायची सूचनाही मिळत नाही. १०,६०० आणि १,०६४ हे आकडे एकमेकांसारखे दिसतात, पण एकाचा संरक्षक चष्मा दुसऱ्याला चालेलच असं नाही. पेशंटचे डोळे झाकलेले असतात. सोबत खोलीत थांबलेल्या आईने किंवा ताईने मात्र चष्मा मागून घ्यावा आणि त्यावर छापलेला आकडा चालू असलेल्या यंत्राचाच आहे ना, हे विचारावं.